झाकलेल्या गाडीबरोबर तुरिन ते जिनिव्हा

शनिवार, २३ फेब्रुवारी २०१९

विमान सकाळीच मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरलं आणि तुरिनची बस दुपारची होती. मधला वेळ व्होलांदियात घालवायचा हे आधीच ठरलेलं. टर्मिनल १ ला अगदी लागून असलेलं हे खरं तर विमानांचं संग्रहालय, काप्रोनी कंपनीच्या जुन्या कारखान्यात थाटलेलं. पण २०१८ पासून तिथे बेर्तोनेच्या गाड्या ठेवल्या आहेत, आणि मला विमानांत काडीचाही रस नव्हता.

बेर्तोने ही तुरिनची कोचबिल्डर कंपनी, म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्यांना अंगरखे शिवणारी. कंपनी बुडाली तेव्हा तिने वर्षानुवर्षं जपलेले शोचे नमुने लिलावात निघाले. २०१५ मध्ये इटलीतल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने तो संग्रह एकगठ्ठा घेतला, म्हणून तो दहा श्रीमंतांच्या दहा गराजांत विखुरला नाही. अर्थात स्ट्रॅटोस झीरो आणि मार्झाल ही खाशी मंडळी त्याआधीच, २०११ ला, विकली गेली होती. हळहळ वाटते, पण कर्जबाजारी घरातले दागिने आधी जातात.

मी गाड्यांचे पृष्ठभाग संगणकावर काढते. आमच्या स्टुडिओने एका आलिशान चार दारी गाडीची कल्पना मांडली होती आणि जिनिव्हाच्या मोटार शोसाठी तिचा एकुलता एक नमुना तुरिनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये बांधला जात होता. माझं काम कधीच संपलं होतं. पण पडद्यावरची गाडी आणि जमिनीवरची गाडी यांत कुठे फरक पडला तर विचारायला कुणीतरी जवळ हवं, म्हणून शेवटच्या आठवड्यासाठी माझी रवानगी झाली.

त्यामुळे व्होलांदियातल्या गाड्यांकडे मी पाहुण्यासारखी नाही, तपासनीसासारखी बघत होते. १९६९ ची रनअबाउट बघा: पाचर मारल्यासारखी ठेंगणी, दिवे चक्क डोक्यामागच्या रोलबारवर, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीवर. तिच्यातूनच पुढे १९७२ ची फियाट एक्स वन-नाइन आली. किंवा १९८८ ची लँबोर्गिनी जेनेसिस, जिच्यात लँबोर्गिनीच्याच काउंटॅक या स्पोर्ट्स कारचं बारा सिलिंडरचं व्ही-१२ इंजिन एका मिनीव्हॅनमध्ये कोंबलंय आणि पुढची दारं विंडस्क्रीनच्या काचेसकट वर उचलली जातात. असली गाडी कुणीही विकणार नाही हे बनवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक असणार. तरी कुणीतरी ते दार टांगलं, बिजागर बसवलं, ते पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. मी खाली वाकून दाराच्या फटी बघत राहिले. पहारेकरी दोनदा येऊन गेला.

रविवार

वर्कशॉप बंद. तुरिनमध्ये माझ्यासारखीने रविवारी जायच्या जागा दोन, आणि सोयीने त्या एकमेकींपासून फार लांब नाहीत: पो नदीकाठचं मोटार संग्रहालय आणि लिंगोत्तो, फियाटचा जुना कारखाना.

संग्रहालयात फियाट तुर्बिना आहे. १९५४ ची, गॅस टर्बाइनवर चालणारी, लाल-पांढऱ्या रंगाची, मागे दोन पंख. फियाटने तिचा ड्रॅग कोइफिशंट, म्हणजे हवेचा विरोध दाखवणारा आकडा (जितका कमी तितका बरा), ०.१४ सांगितला होता. आजच्या गुळगुळीत विजेच्या गाड्याही ०.२० च्या आसपास घुटमळतात. तिची चाचणी झाली ती लिंगोत्तोच्या गच्चीवर. गच्चीवर म्हणजे खरोखर गच्चीवर! १९२३ मध्ये सुरू झालेल्या या पाच मजली कारखान्यात कच्चा माल तळमजल्यावर शिरायचा, गाडी मजल्यामजल्याने वर चढत जुळत जायची आणि तयार झाली की छतावरच्या ट्रॅकवर फेरी मारायची. दोन्ही टोकांची वळणं आजही वाटीसारखी उभी आहेत. १९८२ ला कारखाना बंद झाला, मग वास्तुविशारद रेन्झो पियानोने त्याचा कायापालट केला. आता आत दुकानं, हॉटेल, सभागृह. मी वळणाच्या चढावर थोडी चढून पाहिलं. खाली घसरायला होतं. टर्बाइनच्या आवाजासकट हे वळण घेणाऱ्या माणसाच्या छातीला सलाम.

संग्रहालयातून बाहेर पडताना मात्र डोक्यात तिथे नसलेल्याच गाड्या होत्या. क्रायस्लरची नॉर्समन त्यांतली पहिली. इथल्याच गिया कंपनीने बांधलेली, छत फक्त मागच्या बाजूने तोललेलं, विंडस्क्रीनच्या बाजूंना खांबच नाहीत. बांधून झाली, जहाजावर चढवली, आणि ते जहाज निघालं आंद्रेआ दोरिया. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ स्टॉकहोम जहाजाशी टक्कर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्समन अटलांटिकच्या तळाशी गेली. माणसं दगावली तिथे गाडीचं काय घेऊन बसायचं, हे खरंच. पण असा नमुना एकच असतो. त्याची दुसरी प्रत नाही, सुटे भाग नाहीत, विम्याने तो परत उभा राहत नाही.

आणि १९९३ चं जिनिव्हा. त्या एकाच शोमध्ये तुरिनकडच्या कारागिरांनी बांधलेल्या दोन आलिशान सेडान उभ्या होत्या: इटालडिझाइनची बुगाटी ईबी ११२ आणि गियाची लगोंडा विन्याले, जिच्या खाली लिंकन टाउन कारचा सांगाडा होता. दोन्हींचं कौतुक झालं. नियमित उत्पादनात एकही गेली नाही. आमची गाडी त्याच हॉलमध्ये जाणार होती, तेव्हा अपेक्षा काय ठेवायची ते मला माहीत होतं.

सोमवार

वर्कशॉप शहराबाहेर, बाहेरून गोदामासारखं. पाटी नाही. फोन आत नेता येत नाही, कॅमेऱ्यावर स्टिकर लावून घेतात.

गाडी मधोमध, समतल लोखंडी पाटावर. अडीच महिन्यांत तिला पडद्याबाहेर मी पहिल्यांदाच बघत होते. आत स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वर कार्बन फायबरची कातडी. कातडीचे साचे इपॉक्सी बोर्डाच्या ठोकळ्यांतून पाच अक्षांच्या मिलिंग मशीनने कोरलेले, आणि त्या मशीनला दिलेला डेटा माझा. जुन्या काळी याच गावात लाकडी ढाच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून आकार काढत. आता पत्रा ठोकणारे फार उरले नाहीत. जे आहेत ते अशा वर्कशॉपांत फटी जुळवतात.

आमच्या गाडीची सगळी मदार दारांवर. मागची दारं उलटी, मागच्या कडेला बिजागर असलेली, आणि मधे खांब नाही. दोन्ही दारं उघडली की अख्खी बैठक नाटकाच्या रंगमंचासारखी समोर येते, असं आमच्या सादरीकरणात लिहिलं होतं. लिहायला काय जातं. खांब नाही म्हणजे दाराला टेकायला काही नाही. ते खाली उंबऱ्याला, वर छताला आणि पुढच्या दाराला धरून राहणार. शिवाय लांब दार एका बाजूने टांगलं की दुसरं टोक वजनाने खाली येणारच. नुसतं कार्बनचं दार हलकं असतं, ते कुठेही छान बसतं. त्यात काच, काच सरकवणारी मोटर, स्पीकर, लाकूड, चामडं भरलं की ते पडतं.

दारं बसवणारे आजोबा सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना 'माएस्त्रो' म्हणत, मीही तेच धरलं. त्यांचं काम बघायला मी स्टूल ओढून बसले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत हललेच नाही. रिकाम्या दाराला त्यांनी आतून वाळूच्या छोट्या पिशव्या बांधल्या होत्या. काचेच्या मोटरच्या जागी एक, स्पीकरच्या जागी एक, हाताच्या टेकणीखाली लांबट एक. प्रत्येक पिशवीवर पेन्सिलने ग्रॅम लिहिलेले. म्हणजे जे अजून आलंच नाही त्याचं वजन दाराला आधीच देऊन ठेवायचं आणि मग बिजागर कसायचं. बिजागराखाली पातळ पत्र्याच्या चकत्या. एक चकती काढायची, दार लावायचं, प्लास्टिकची पट्टी फटीतून वरून खाली ओढायची. फट ३ मिलिमीटर हवी, सगळीकडे. पट्टी एका जागी अडखळली की ते डोळे मिटून मान हलवत आणि पुन्हा पाना उचलत.

मी विचारलं, लेझरने मोजत नाही? मोजतो की, म्हणाले, मोजल्यावर कळतं किती चुकलंय. कुठे चुकलंय ते पट्टी सांगते.

मला हे फार पटलं. आलिशान गाडी म्हटली की लोक चामडं आणि लाकूड बघतात. पण दहा फुटांवरून माणसाला गाडी महाग वाटते ती फटींमुळे. एक फट वर ३ आणि खाली ४ झाली की कुणाला नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी स्वस्त दिसतंय एवढं कळतं.

मंगळवार आणि बुधवार

दोन्ही दिवस एकमेकांत मिसळून गेले, कारण आता सगळेच एकाच वेळी गाडीभोवती होते आणि जो तो दुसऱ्याच्या आड येत होता.

चामड्याच्या खोलीत तिघी जणी. चामडं जिथे दुमडायचं तिथे त्याची कड मागून तासून पातळ करायची, नाहीतर शिवणीखाली गाठ येते. गोंद फवारायचा, गरम हवा मारायची, ताणायचं, अंगठ्याने दाबत कोपऱ्यात बसवायचं. एक मागची सीट त्यांनी माझ्यादेखत उसवली, का तर दोन टाक्यांच्या रांगा कोपऱ्यावर किंचित जवळ येत होत्या. मला तरी दिसत नव्हतं.

लाकूड म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं व्हिनिअर. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे काप पुस्तकासारखे उघडून लावले की नक्षी आरशातल्यासारखी जुळते. ती डाव्या दारापासून डॅशबोर्डवरून उजव्या दारापर्यंत सलग जाणार होती, म्हणजे एक काप वाया गेला तर सगळेच बदला.

टायरवाला सर्वांत आवडला. एवढ्या मोठ्या चाकाचा हव्या त्या नक्षीचा टायर बाजारात मिळत नाही. म्हणून गुळगुळीत रबर घ्यायचं आणि तापलेल्या पात्याने नक्षी हाताने कोरायची. तो माणूस कानात गाणी लावून कोपऱ्यात बसला होता. रबराची काळी सुरळी पात्यातून सलग निघत होती आणि खोलीभर जळका वास. हे टायर फार तर हॉलच्या दारापासून मंचापर्यंत चालणार. गाडीतली मोटर तिला माणसाच्या धावण्याच्या वेगाने ढकलण्यापुरतीच. शोच्या गाड्यांचं हेच असतं. हेडलाइटच्या काचा ॲक्रेलिकच्या, विजेचा पुरवठा मंचाखालून आलेल्या वायरने.

बुधवारी संध्याकाळी आमच्या मोठ्या साहेबांचा फोन. दाराच्या आतले हँडल ॲल्युमिनियमऐवजी भरीव क्रिस्टलचे हवेत, बनवून घेतलेत, उद्या पोचतील. माएस्त्रोंना मीच जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत. वाळूच्या पिशव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

गुरुवार

हँडल आले. देखणे होते, वाद नाही. दिव्याखाली धरले की आत प्रकाश तुटतो. तराजूवर ठेवल्यावर माएस्त्रोंनी शिट्टी वाजवली.

दुपारी गाडी लाइट टनेलमध्ये. लांबलचक नळीदिव्यांच्या रांगांखाली गाडी उभी केली की त्या रांगांची प्रतिबिंबं अंगावरून वाहतात, आणि पृष्ठभागात जरा पोक असेल तर रेषा तिथे थरथरते. पडद्यावर हेच काम मी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी करते. डाव्या बाजूची रेषा पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत एका दमात गेली. उजव्या बाजूची पुढच्या दारापर्यंत छान, आणि मागच्या दारावर तुटली. तुटली म्हणजे पायरी पडली. क्रिस्टलसकट भरलेलं दार टोकाला दीड मिलिमीटर खाली आलं होतं. डाव्या दाराचंही थोडं उतरलं होतं, पण ते खपण्यासारखं.

रंग झालेल्या गाडीचं दार काढणं म्हणजे काय ते सांगते. प्रायमर, रंग, वर लॅकरचे थर, मधूनमधून बारीक कागदाने पाण्यात घासलेले. कडेला नुसतं बिजागर लागलं तरी टवका उडतो, आणि टवका उडाला की तेवढाच रंगवून भागत नाही, सबंध पॅनेल पुन्हा. वेळ शुक्रवार सकाळपर्यंतच. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी आणि रात्री जड ट्रक चालवायला बंदी आहे, सीमेवर मालाचं कस्टम कार्यालय आठवड्याच्या दिवसांतच धड चालतं, म्हणून ट्रक शुक्रवारी निघालाच पाहिजे.

रात्री दाराच्या कडांना मऊ टेपचे तीन थर लावले. चौघांनी दार उचलून धरलं, गादी लावलेल्या जॅकवर टेकवलं, पण बिजागर पूर्ण सोडलं नाही. माएस्त्रोंनी वरच्या बिजागरातली एक चकती बदलली, खालच्यातली काढली. दार लावलं. पट्टी ओढली. पुन्हा. माझ्या हातात बॅटरी होती आणि बोटं बधिर झाली होती तरी हलायची सोय नव्हती. मध्यरात्र उलटून गेल्यावर केव्हातरी पट्टी वरून खाली एकदाही न अडखळता आली. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. चामड्याच्या खोलीतली एक बाई कार्पेटचा तुकडा चिकटवायला आत शिरलीसुद्धा.

शुक्रवार, १ मार्च

बंद ट्रकमध्ये गाडी चढवायला सकाळ गेली. नाक इतकं खाली की फळ्यांवर फळ्या ठेवून चढ लांबवावा लागतो. वरून विंचने ओढायचं, पट्टे फक्त चाकांना बांधायचे, अंगाला काही टेकता कामा नये. मग झूल घातली.

मी मागून छोट्या गाडीत, वर्कशॉपच्या एका मुलाबरोबर. तुरिनवरून उत्तरेला आओस्ताची दरी, दोन्ही अंगांना द्राक्षांच्या पायऱ्या आणि टेकड्यांवर किल्ले, पुढे मों ब्लाँ बोगदा. ११.६ किलोमीटरचा, १९६५ ला वाहतुकीला खुला झालेला. आत वेग ५० ते ७० आणि पुढच्या वाहनापासून १५० मीटर अंतर, हे काटेकोर पाळायला लावतात. १९९९ च्या आगीत इथे ३९ माणसं गेली. ट्रकचे लाल दिवे समोर निळसर उजेडात स्थिर होते. बाहेर आलो ते शामोनीत, आणि बर्फावरच्या उन्हाने डोळेच मिटले.

स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या कस्टम व्यवस्थेत नाही, त्यामुळे बार्दोनेच्या नाक्यावर एटीए कार्ने दाखवावं लागलं. विकायला नव्हे, दाखवायला नेतोय आणि सगळं परत नेणार, याची हमी देणारा हा कागद. त्यात गाडी, जादा चाकं, पॉलिशचं मशीन, सगळी यादी. अधिकाऱ्याने यादी आणि ट्रक दोन्ही शांतपणे तपासले. क्रिस्टल हँडल यादीत वेगळे नव्हते, कारण यादी त्यांच्या आधीची. ते गाडीला बसवलेले आहेत म्हणजे गाडीचाच भाग, हे त्याने मान्य करेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. जादा म्हणून आलेला पाचवा हँडल माझ्या पर्समध्ये होता हे इथे लिहायला आता हरकत नसावी.

शनिवार ते सोमवार

पालेक्स्पो या जिनिव्हाच्या प्रदर्शन केंद्राचा हॉल विमानतळाच्या शेजारीच. शो उघडण्याआधी तो बघावा: सगळीकडे सुतार, इलेक्ट्रिशियन, फोर्कलिफ्ट, कार्पेटवर प्लास्टिक आणि झुलींखाली ओळखीचे वाटणारे आकार. जो तो दुसऱ्याच्या झुलीचा अंदाज बांधत हिंडतो. मीही हिंडले. आमचे दिवे लावणारे तीनदा भांडले. बाकी पुसणं, पुसणं आणि पुसणं.

मंगळवार, ५ मार्च

पत्रकारांचा दिवस. दर कंपनीला ठरावीक मिनिटं, एक अनावरण झालं की कॅमेऱ्यांचा लोंढा पुढच्या मंचाकडे. त्या वर्षी लगोंडाची ऑल-टेरेन, पिनिनफारिनाची बातिस्ता आणि बुगाटीची एकच बनणारी ला व्हॉत्युर न्वार अशी तगडी मंडळी होती. बुगाटीची तर विकली गेल्याचं जाहीर झालं तरी मालकासाठी पूर्ण व्हायला २०२१ उजाडलं, म्हणजे मंचावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत एवढं अंतर असतं.

आमची झूल नीट सरकली. दारं एकदम उघडली, संगीत वाढलं, साहेब क्रिस्टलबद्दल बोलले. एका पत्रकाराने कमाल वेग विचारला आणि साहेबांनी अपेक्षित आकडा सांगितला, जो गाडीच्या खऱ्या वेगाच्या दसपट होता. कुणी खोटं बोललं असं नाही; 'अपेक्षित' हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

गर्दी पुढे सरकल्यावर दुसऱ्या एका कंपनीचे दोघे आले. गळ्यातली ओळखपत्रं उलटी करून ठेवलेली, ही जुनी खोड. त्यांनी चामडं बघितलं नाही, लाकूड बघितलं नाही. एक जण उजव्या मागच्या दाराशी गुडघ्यावर बसला आणि त्याने नख फटीवरून वरून खाली फिरवलं. मग डाव्या बाजूला गेला, तिथेही तेच केलं, आणि तिथे तो थोडा थांबला. सोबत्याला काहीतरी म्हणाला. मी माएस्त्रोंना फोन लावला. डावं दार, एवढंच म्हणाले मी. तिकडून उत्तर आलं की गाडी परत आल्यावर बघू, आणि तोवर त्याला सतत उघडू नका म्हणावं तुमच्या साहेबांना.

साहेब तेव्हा तेच दार एका पाहुण्यासाठी उघडत होते.